आरशाले कुंकू माह्या भावानं नाई लावलं

माहा मोठा भाऊ निवृत्ती, आमचा दादा, गेला त्याले आज सोळा दिवस झाले. तेरवीच्या दिवशी जे झालं ते माह्या घशाखाली उतरून नाई राह्यलं, म्हनून लिहून राह्यली. माहं नाव कोकिळा, शिक्षन चौथी, वय सत्याहत्तर. नातीनं मोबाइलवर मराठी अक्षरं लावून देल्ली, एका बोटानं टाकून राह्यली. चुकलं माकलं त माफ नका करू, फक्त शेवटलोक वाचा.

तेरवी आमच्या वडनेर भोलजीच्या घरी होती. अंगनात मांडव, पंगत बसलेली. बुलढान्याहून भगवानराव आले. हे भगवानराव दादाच्या कॉलेजातल्या जुन्या पोरायच्या मंडळाचे सेक्रेटरी. पोरं म्हनजे आता तेही साठीचे. कॉलेजची स्मरणिका छापली त्याइनं, तिच्या पन्नास प्रती गाडीतून आनल्या. म्हने, निवृत्तीभाऊवर एक पान हाये, वाचून दाखवतो. मले वाटलं चाला, कोनीतरी याद ठेवली.

त्याइनं माइक धरला आन वाचलं. "आमच्या प्रयोगशाळेचे भोळे शिपाई निवृत्ती यांनी एका दसऱ्याला चक्क लेसर यंत्राच्या आरशालाच कुंकू लावले, आणि लेसर कायमचा देवाघरी गेला!"

हसले हो लोक. मांडवात हसले. माह्या दिराचा पोरगा त हसता हसता ठसकला, तोंडात बुंदी होती. मेलेल्या मानसाच्या तेरवीत, त्याच्याच पत्रावळीवर बसून हसले. मनकर्णावहिनी, म्हनजे दादाची बायको, तिले कानानं कमी ऐकू येते. ती मले इचारते, "काय म्हनून राह्यले वं ते?" मी काय सांगू तिले?

भोळा म्हने! आता ऐका.

दादा सातवी शिकला. महाराष्ट्र झाला त्याच्या तिसऱ्या वर्षी बुलढान्याच्या कॉलेजात लागला, सायन्सच्या खोलीत. काम काय, त काचेचं सामान धुनं, स्टूल पुसनं, सर म्हनतीन ते कपाटातून काढून देनं. वहिनी इकडं वावर पाहे. माहं सासर बुलढान्यातच, मालक एसटीच्या वर्कशॉपात. म्हनून दादाचं जेवन माह्याकडं. दुपारचा डबा मीच नेऊन द्यायची, त्यामुळं जे सांगून राह्यली ते डोळ्यानं पाह्यलेलं हाये, कोनी सांगतलेलं नाई.

दादा वर्षातून एकच सुट्टी घे, गावच्या सप्त्याची. आमच्या सप्त्यात सात दिवस वीणा खाली ठेवत नाई. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. दोन घंटे एकजन उभा राह्यते, मंग दुसरा येते, पाया पडते, घेते. वीणा भुईले टेकली त सप्ता मोडला. दादाचा पहारा भर दुपारचा, जवा बाकीचे झोपा काढत. कोनी आलं नाई त चार चार घंटे उभा राहे, पन खाली नाई ठेवली कधी.

एकोनसत्तर साली रंगराव सर आले. वरवट बकालचा पोरगा, मुंबईले शिकलेला, डोक्यात नुसता उजेड भरलेला. मुंबईच्या मोठ्या संस्थेनं त्यायले एक जुनी लेसरची नळी आन दोन आरसे देले होते, म्हने चालला त चालवा. एसटीत मांडीवर डबा ठेवून आनलं त्याइनं ते, कापसात गुंडाळून. लेसर म्हनजे काय हे तवा आख्ख्या बुलढान्यात एका मानसाले माहीत होतं. दोन महिन्यानं दोघायले झालं, दुसरा माहा भाऊ.

नळी हातभर लांब. आत वायू. वीज देल्ली की गुलाबी चमके. दोन्ही टोकाले एक एक आरसा, एकमेकाकडं तोंड करून. बाजारातल्या आरशाले पारा मांगून असते, याले लेप समोरूनच. बोट लागलं का गेला कामातून. दादा तो आरसा कडेनंच धरे, अन् धरायच्या आधी हात धुवे. त्या आरशापायी त्यानं तंबाखू सोडली. मी म्हटलं, "दादा, बायकोच्या सांगन्यानं नाई सोडली, आरशाच्या सांगन्यानं सोडली?" त म्हने, "बोटाले चुना राह्यते वं."

एक दिवस मी डबा घेऊन गेली आन इचारलं, हे आरसे कायले समोरासमोर? सलूनात राह्यते तसं?

तो म्हने, "कोकिळे, सप्त्यात वीणा खाली ठेवतेत का?"

"नाई."

"मंग ऐक. नळीत अणू राह्यतेत. इतले बारके का मोजाले बसलं त जन्म जाईन. वीज त्याइचं पोट भरते. भरल्या पोटाचा अणू उजेड टाकतेच, पन आपल्या मर्जीनं टाकते, कोनी इकडं, कोनी तिकडं. तो वाया जाते. पन त्याच्या जवळून त्याच रंगाचा उजेड चालला ना, का मंग तो आपला उजेड त्याच्यातच टाकते. त्याच दिशेनं, त्याच ठेक्यात. एकाचे दोन झाले. पुढं दुसरा भरलेला भेटला, आनखी वाढले. नळी संपली, त आरसा उभा. आरसा म्हनते, कुठी चालले बे, फिरा मांगं! मांगं आले, पुन्हा वाढले. तिकडं दुसरा आरसा तेच म्हनते."

"आन उपाशी अणू भेटला त?"

"तो खाऊन टाकते. म्हनून भरलेले जास्त पायजेत, उपाशी कमी."

"म्हनजे आपल्या गावच्या पंगतीसारखंच. वाढनारे दोन अन् बसनारे दोनशे झाले का भात संपला."

"हाव," म्हने, "तुले कॉलेजात घालाले पायजे होतं."

सर बाजूच्या टेबलावर बसून ऐकून राह्यले होते. ते हसले. म्हने, "निवृत्तीभाऊ, माह्या पोरायले तुमीच शिकवा आता." त्या दिवशी म्हटलेलं हे वाक्य मले पक्कं याद हाये. सरले याद होतं का नाई, ते पुढं सांगतो.

आरसे नीट समोरासमोर आनाले अकरा दिवस लागले. कागदाले सुईनं भोक पाडाचं, त्यातून नळीच्या आत पाहाचं, आन आरशाचा स्क्रू केसाच्या चौथाई इतका फिरवाचा. सर तास घ्यायले जात. स्क्रू दादाच्या हाती. सरचा हात थरथरे, हे सर सोता म्हनत. चार चार घंटे वीणा धरून उभा राहनाऱ्या मानसाचा हात कायले थरथरते?

अकराव्या दिवशी मी डबा घेऊन दारात, आन समोरच्या भिंतीवर लाल ठिपका. कुंकवाच्या टिकलीएवढा. दादा वरडला, "सर!" सर वर्गातून खडू हातात घेऊन पळत आले. मंग दादानं मले गंमत दाखवली. आरसा अन् नळीच्या मधात कागदाची चिटी धरली, ठिपका गेला. नळी तशीच चमकून राह्यली गुलाबी, पन ठिपका नाई. चिटी काढली, ठिपका हजर. "पाह्यलं? जाऊन येऊन जाऊन येऊनच तो होते. एक फेरा मोडला का संपलं."

त्याच दिवशी त्यानं सरले इचारलं, माह्यासमोर. "सर, हे त करोडो अणू झाले, गर्दीच हाये. एक एकच सोडला त? एकानं यावं, आपला उजेड द्यावा, निंघून जावं. मंग दुसरा."

सर म्हने, "नाई जमत निवृत्तीभाऊ. दुसरा येईस्तोवर पहिल्याचा उजेड आरशातून गळून जाईन. वीणा खाली टेकली म्हना ना. इतला चांगला आरसा दुनियेत नाई अजून."

"मंग आरशाची अडचन हाये. अणूची नाई."

सरनं हातातला खडू टेबलावर ठेवला. मंग म्हने, "हाव. आरशाचीच हाये."

हा मानूस भोळा! भगवानराव, तुमी त्याच कॉलेजातून पुढं बी.एस्सी. झाले. तुमी इचारला होता का असा सवाल?

आता कुंकवाचं.

खंडेनवमीले कॉलेजात सगळ्या सामानाची पूजा. तराजू, बॅटऱ्या, पंप, समदं मांडून हळदकुंकू. ही पद्धत सगळीकडंच हाये, त्यात वाईट काई नाई. पूजेचा मान प्राचार्याच्या बायकोचा, अन्नपूर्णाबाईचा. त्या वर्षी दसऱ्यानंतर चार दिवसांनी मोठे साहेब लेसर पाह्याले येनार होते. दादानं दोन्ही आरशायवर कागदाच्या टोप्या घालून ठेवल्या. टेबलाच्या चारी बाजूनं सुतळी बांधली. यंत्राच्या नावानं एक नारळ टेबलाच्या पायाशी ठेवला, म्हने कुंकू लावाचंच त टेबलाच्या लाकडाले लावा, यंत्राले पावते. आन सरले सांगतलं, "बाईले पह्यलेच सांगून ठेवा सर. मी शिपाई, मी कसा सांगू?" सर म्हने, सांगतो.

नाई सांगतलं. प्राचार्याच्या बायकोले कोन सांगन? 

मी तिथंच होती, आम्हा बायकायले हळदकुंकवाले बलावलं होतं. अन्नपूर्णाबाई ताट घेऊन आल्या. सुतळी पाह्यली, हसल्या, खालून वाकून आत गेल्या. टोपी उचलली. म्हने, "अगंबाई, आरसा! आरसा म्हणजे देवीचं रूप, त्याला झाकून ठेवतात होय?" आन हळदीत बुडवलेलं बोट पह्यल्या आरशावर. मंग कुंकू. दादा ओरडला, "बाई, हात नका लावू!" तोवर दुसऱ्याले बी लागलं होतं.

बाईचं वाईट मन नव्हतं, हे मी आजही म्हनतो. त्यायले कोनी सांगतलंच नाई त त्या काय करतीन? पन खोलीतली सगळी मानसं आरशाकडं नाई पाहून राह्यली, माह्या भावाकडं पाहून राह्यली. शिपाई प्राचार्याच्या बायकोवर ओरडला! गुन्हा तो झाला. आरसा गेला उडत.

आन पुढं ऐका, हे कोनालेच माहीत नाई. कुंकू लागलं तरी आरसा वाचला असता. दादा म्हने, "सर, पुसू नका, सुकू देऊ नका, स्पिरिट आनतो, कापसावर थेंब सोडून वघळू देऊ." तो कपाटाकडं पळाला. तेवढ्यात घाबरलेल्या रंगराव सरनं खिशातला रुमाल काढला आन घसघस पुसलं. एकदा नाई, तीनदा. दोन्ही आरसे. कुंकवाच्या कनानं लेपावर ओरखडे पडले, मांजरीनं नख मारावं तसे. दादा शिशी घेऊन आला, पाह्यलं, आन खालीच बसला. संध्याकाळी वीज लावली. नळी चमकली गुलाबी, भिंत कोरी.

मोठ्या साहेबाचं येनं रद्द झालं, अन् तिसऱ्या दिवशी कॉलेजनं कागद टाइप करून आनला. "माझ्या अडाणीपणामुळे व अंधश्रद्धेमुळे मी यंत्रास कुंकू लावले, सबब माफी असावी." खाली सही करा, नाईत नोकरी गेली. दादा म्हने, "नोकरी गेली त गेली, वावर हाये. मी लावलं नाई, मी लिहून देनार नाई." दोन दिवस तो कागद टेबलावर तसाच.

मंग सर माह्या घरी आले, दिवेलागनीले. मी चूल पेटवून राह्यली होती. सर पाटावर बसले, चहा घेतला नाई.

"निवृत्तीभाऊ, मुंबईले पत्र लिहाचं हाये, दुसरे आरसे मांगाले. शिपायाच्या हातून चुकलं लिहिलं त ते देतीन. प्राचार्याच्या घरचं नाव आलं त प्राचार्य पत्रच जाऊ देनार नाई. अन् मी पुसलं म्हटलं त माह्या हाती पुन्हा काच देनार नाई कोनी."

मी चुलीपासून म्हटलं, "मंग माह्या भावाच्या कपाळावर लावता का ते कुंकू?"

दादा म्हने, "कोकिळे, गप." सरले म्हने, "आरसे खरंच येतीन?"

"येतीन. माह्या गळ्याची आन."

"ठिपका पुन्हा पडन?"

"तुमीच पाडसान."

दादानं सही केली. नोकरीसाठी नाई हो, आरशासाठी केली! हे मले त्या पन्नास प्रतीत छापलेलं पायजे होतं.

आरसे आले नाईत. संक्रांतीलोक सरच गेले, मुंबईले मोठी जागा भेटली. नळी कपाटावर चढवली. दादाले सायन्सच्या खोलीतून काढलं, "यंत्राजवळ नको याले" म्हने, आन घंटा वाजवाले ठेवलं. तीस वर्ष! ज्या हातानं केसाच्या चौथाई इतका स्क्रू फिरवला, त्या हातात पितळी हातोडा देल्ला अन् तीस वर्ष टोल मारत बसवलं. पोरं येता जाता म्हनत, "निवृत्ती, घंटीले कुंकू लावलं का बे?" तो हसे. मी एकदा ऐकलं अन् त्या पोराच्या सात पिढ्या काढल्या.

खराब झालेले आरसे भंगारात टाकले होते. दादानं ते उचलून घरी आनले, त्याच कापसात, त्याच डबीत.

पंच्यान्नव साली सरचं पत्र आलं. पंचवीस वर्षांनी! पह्यलं आन शेवटचं. दादानं मले वाचून दाखवलं. परदेशात कोनीतरी केलं म्हने. एका भट्टीतून एक एक अणू सोडतेत, भरल्या पोटाचा. समोर दोन बारके आरसे, इतले चांगले का उजेड त्याइच्यात लाखो वेळा जाऊन येते तरी गळत नाई. एक अणू येते, उजेड देते, जाते. दुसरा येते तवा पह्यल्याचा उजेड आतच वाट पाहून राह्यते, तो दुसऱ्याकडून त्याचा काढून घेते. आन एक गोष्ट म्हने नवी. अणू मधात जास्त वेळ रेंगाळला, त देलेला उजेड परत घेऊन टाकते. बरोबर टाइमावर निंघाले पायजे. शेवटी लिहिलं होतं, "निवृत्तीभाऊ, तुम्ही एकोणसत्तर साली विचारलं होतं तेच हे. मी वर्गात अजूनही तुमच्या वीणेचं उदाहरण देतो."

दादानं चष्मा काढला. म्हने, "पाह्यलं वं? अडचन आरशाचीच होती."

मी कागद उलटा करून पाह्यला. "अन् कुंकवाचं कुठी लिहिलं यानं? रुमालाचं कुठी लिहिलं? वीणा वर्गात वापरली, अन् सही?"

"जाऊ दे ना."

"काऊन जाऊ दे?"

"त्याचा हात थरथरते, तुले माहीत हाये," म्हने, अन् पत्राची घडी घालून डबीत ठेवली. बस. त्यावर तो मरेलोक बोलला नाई. आता तो बोलनारच नाई, म्हनून मी बोलून राह्यली.

त तेरवीत मी उठली. भगवानरावच्या हातचा माइक घेतला नाई, माहा आवाज तसाच मोठा हाये. म्हटलं, "हे तुमी कुठून आनलं?"

ते म्हने, "आजी, कॉलेजच्या फाइलीत त्यायच्या सहीचा माफीनामा हाये. आमी मनानं काई नाई लिहिलं. प्रेमानंच लिहिलं."

मी सांगतलं सगळं, आता तुमाले सांगतलं तसं, मांडवात. पंगत थांबली. वाढपी बादली घेऊन उभे राह्यले. डबी आनली, आरसे दाखवले. ओरखडे अजून हायेत, भिंगानं पाहा, रुमाल कसा फिरला ते दिसते. सरचं पत्र दाखवलं. ते पाहून भगवानरावचे डोळे चमकले. म्हने, "आजी, हे पत्र कॉलेजच्या प्रदर्शनात पायजे! काचेत लावू. केवढी मोठी गोष्ट हाये ही आपल्या जिल्ह्याची!"

म्हटलं, "लावा. आधी ते वाक्य खोडा. पन्नासच्या पन्नास."

बसले बिचारे. खिशातून पेन काढला, खुर्चीवर प्रती घेतल्या आन खोडाले लागले. एक, दोन, दहा. मी बाजूले उभी. एका प्रतीत वर बारीक अक्षरात लिहिलं, "हे निवृत्ती यांनी केलेले नाही."

म्हटलं, "मंग कोनं केलं ते लिहा."

पेन थांबला. म्हने, "आजी, प्राचार्यसाहेबांचे चिरंजीव आपल्या मंडळाचे अध्यक्ष हायेत. बाई आता नाईत. अन् रंगराव सरांच्या नावानं त आमी हॉल बांधून राह्यलो."

"माहा भाऊही आता नाई."

"ते बरोबर हाये, पन..."

"पन काय? मेलेल्या शिपायाचं नाव छापाले चालते, मेलेल्या बाईचं लिहाले चालत नाई?"

त्याइनं पेन खिशात घातला, प्रती गाडीत ठेवल्या, खोडलेल्याही अन् न खोडलेल्याही. जाता जाता दोनदा इचारलं, पत्राचा फोटो तरी काढू का. नाई म्हटलं. ते जेवलेही नाईत, याचं मले वाईट वाटते, तेरवीतून मानूस उपाशी जाऊ नोये. पन नाई म्हटलं ते म्हटलंच.

तवा लोकहो, तुमच्या स्मरणिकेत नाई त इथं लिहून ठेवतो. कुंकू अन्नपूर्णाबाईनं लावलं, कारन त्यायले कोनी सांगतलं नाई. सांगाचं काम रंगराव सरचं होतं. रुमालानं पुसलं तेही रंगराव सरनं. सही माह्या भावानं केली, दुसरे आरसे यावेत म्हनून, अन् ते कोनी आनले नाईत.

मनकर्णावहिनीले मी हे सगळं कानाशी बसून वरडून सांगतलं. ती म्हने, "मले माहीत होतं. त्याइनं घरच्या देवघरातल्या आरशाले बी कधी बोट लावलं नाई."

पत्र आन आरसे दोन्ही डबीत हायेत, डबी माह्यापाशी. हॉलच्या भिंतीवर खरं लिहा, मंग न्या. कोनाले नुसतं पाहाचं असन त वडनेर भोलजीले या, घर कोनीही दाखवन. चहा भेटन. पन येतांनी हात धुवून या.